घाटाजोगी हलकी सायकल

बाबांची नव्वद सालातली माउंटन बाईक तेजश्रीने गॅलरीत पार सुटी केली होती. ती पुन्हा जोडायची, पण पिसासारखी हलकी. हरसूलचा घाट चढताना मांड्यांना कळतासुद्धा कामा नये, अशी बाबांचीच फर्माईश होती. अंथरुणातून उठवत नव्हतं, पण फर्माईश कायम. वजनकाट्यावर त्यांचा भरवसा नव्हता. तेजश्री एकेक भाग नेऊन त्यांच्या तळहातावर ठेवायची. ते डोळे मिटायचे आणि खोलीत घाट यायचा: धुकं, ओल्या नागलीचा वास, वळणावरचं मोहाचं झाड. मग तिथूनच ते म्हणायचे, "जड आहे गं, तेजू. अजून उतरव."

ती उतरवायची. सीट बदलली, पेडलं बदलली, हँडल तर कापून आखूड केलं. तरी घाटातून उत्तर तेच.

एके दिवशी नवं काहीच नव्हतं, म्हणून तिने कालचंच हँडल पुन्हा त्यांच्या हातावर ठेवलं.

"हे तर कालच्यापेक्षा जड आणलंस," बाबा म्हणाले.

ती गॅलरीत जाऊन सुटं चाक उगाच फिरवत बसली. चाक थांबलं तेव्हा उठली, तेच हँडल परत आणून त्यांच्या तळहातावर ठेवलं, आणि त्या हाताखाली हळूच आपला हात लावला.

बाबांनी डोळे मिटले. या खेपेला बराच वेळ ते घाटातच राहिले.

"आता जमली," ते म्हणाले. "बघ, कशी आपोआप चढतेय."