पडद्यापलीकडचा

“वारा सरला का, सर?” डॉक्टरांनी हेडमास्तरांच्या पोटावर बोटांनी टकटक केलं.

“नाही,” हेडमास्तर भिंतीकडे बघत म्हणाले.

“लाजायचं नाही हं. आतड्याच्या ऑपरेशननंतर आम्ही त्या आवाजाचीच वाट बघतो. तो आला की आतडं चालू झालं. उद्या दहापर्यंत काही झालं नाही, तर पोट पुन्हा उघडावं लागेल. आणि तुमचं हृदय ते सोसेल याची खात्री मी देऊ शकत नाही.”

तेवढ्यात पडद्यापलीकडच्या खाटेवरून टर्रर्र आवाज झाला. तिथे एक ट्रकवाला होता.

“आमचा सरला बघा, डॉक्टर!” तो खिदळला.

हेडमास्तरीणबाईंनी रुमालाने नाक दाबलं. “शी! जनावर आहे मेलं!” डॉक्टर जाताच त्या पुटपुटल्या. लग्नाला चाळीस वर्षं झाली, पण हेडमास्तरांनी बायकोसमोर कधी साधा ढेकर दिला नव्हता. बाई हे चारचौघांत मोठ्या तोऱ्याने सांगत.

दुपारी घरी गेलेल्या बाई दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता धुतलेले कपडे घेऊन आल्या. पडदा ओढलेलाच होता. खुर्चीत टेकतात न टेकतात तोच पुन्हा आवाज! आधी बारीक शीळ, मग फटाफट, शेवटी ओलसर, लिबलिबीत सुस्कारा. मागोमाग कुजक्या अंड्यांचा वास. बाईंनी पदर नाकाशी धरला.

“सुरू झालं का याचं सकाळी सकाळी!” त्या पडद्याकडे तोंड करून कडाडल्या. “किळस येते नुसती! मी याची बायको असते ना, तर एक दिवससुद्धा नांदले नसते!”

हेडमास्तरांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, बायकोकडे पाहिलं आणि मिटलं. मग वर्गात शिकवायचे त्या आवाजात म्हणाले, “यात वायूचा दोष नसतो. कोंडलेला वायू अरुंद वाटेने सुटला की वाटेच्या कडा थरथरतात. तोच आवाज.”

“तुम्ही नका हो त्याची बाजू घेऊ!”

दहाला नर्स आली. “काही झालं का, सर?”

हेडमास्तरांनी पुन्हा एकदा बायकोकडे पाहिलं. “नाही.”

त्यांचा गार पडलेला हात बाईंनी ऑपरेशन थिएटरच्या दारापर्यंत सोडला नाही. दार बंद झालं. त्या खोलीत परतल्या, तर तो वास अजून तिथेच. बाईंचं डोकं फिरलं. त्या माणसाला चार शब्द सुनावायचेच म्हणून त्यांनी खस्सकन पडदा ओढला.

खाटेवर गादी गुंडाळून ठेवली होती.

“तो ट्रकवाला होय?” फरशी पुसणारी मावशी म्हणाली. “काल संध्याकाळीच घरी गेला की!”