तीनशे किलोचा पैलवान

सत्त्याण्णव साली राजुरीच्या पोरांना टीव्हीवरच्या पैलवानांच्या कार्डांनी पार येडं केलं होतं. ज्याच्या पैलवानाचं वजन जास्त, त्यानं समोरच्याचं कार्ड उचलायचं. गोकुळला समद्या पैलवानांची वजनं तोंडपाठ होती, त्यामुळं असली-नकलीचा निवाडाही त्याच्याकडंच यायचा.

त्या दिवशी गोकुळनं आणि प्रतिभानं आपापली अख्खी थप्पी पणाला लावली. शेवटच्या डावाला गोकुळनं दोनशे तीस किलोवाला टाकला. असली कार्डांत त्याच्याहून जड पैलवान नव्हताच.

प्रतिभानं तीनशे किलोवाला ठेवला.

"नकली हाय ह्यो!" पोरं ओरडली. "गोकुळ, तू सांग राव!"

गोकुळनं कार्ड उचललं, उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं. वरच्या कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरात 'श्री' छापलेलं होतं. त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या, पायाचा अंगठा माती उकरायला लागला.

"असली हाय," तो कसाबसा म्हणाला, आणि सगळी थप्पी त्यानं प्रतिभाकडं सरकवली.



त्याच्या वडलांच्या छापखान्यात हौशीरामकाका वर 'श्री' घातल्याशिवाय काहीच छापत नसत. मग ती लग्नपत्रिका असो, नाहीतर गोकुळनं गुपचूप छापून घेऊन असली म्हणून पोरांत खपवलेला पैलवान.