नऊ तासांचा थांबा

विमानतळावर दोन प्रकारची लाउंज होती. एकात नऊ तास नऊ तासांसारखेच जात, दुसऱ्यात डोळे मिटून उघडेपर्यंत संपत. मृण्मयीने वडिलांना न विचारताच दोघांसाठी दुसरं निवडलं. नानांच्या त्याच त्या गोष्टी नऊ तास कोण ऐकणार?

दोघं खुर्च्यांवर टेकली, तोवर त्यांच्या विमानाची घोषणा झाली.

नानांनी गडबडीने पिशवीतला डबा उघडला. दहीभात आंबला होता. शेजारी पत्त्यांचा नवा कॅट तसाच बंद.

"झाले नऊ तास?" ते म्हणाले. "एजंटला मुद्दाम सांगून मोठ्या थांब्याचं तिकीट काढलं होतं गं. घरी तुला कुठे वेळ असतो!"

मृण्मयीने डबा ओढून घेतला आणि तो आंबलेला भात उभ्याउभ्याच खायला लागली.