सहा आकडे

फोन खणखणला आणि डोरीनने अर्धवट सोललेला बटाटा ओट्यावर ठेवला. रविवार, साडेअकरा. मघाशीच मेसेज वाजला होता. मेसेज वाजला की मागोमाग कर्टिसचा फोन, हे ठरलेलं.

"मॉम, कोड आला?"

"आलाय की. थांब, चष्मा लावते." चष्मा डोळ्यांवरच होता.

मुलगा सिॲटलला, आई विस्कॉन्सिनमधल्या लहानशा गावात. नवं खातं उघडलं की बँका तीनशे डॉलर बक्षीस देतात, पण माणशी एकदाच. स्वतःच्या नावावर सगळ्या बँका चाटूनपुसून झाल्यावर कर्टिसला आईची आठवण झाली. तिच्या नावाने खातं उघडायचं, तीन महिने पैसे ठेवायचे, बक्षीस उचलायचं आणि पुढच्या बँकेत जायचं. ही सातवी. दर वेळी सहा आकडी कोड डोरीनच्या फोनवर यायचा, आणि तो विचारायला कर्टिसला फोन करावाच लागायचा. कामापुरता मामा असतो, तसा हा कामापुरता मुलगा. डोरीन तेवढ्यावरही खूश होती. ती एकेक आकडा सांगायची आणि मध्ये एकेक बातमी घुसवायची. सहा आकड्यांत पाच बातम्या बसत.

"चार," ती म्हणाली. "शेजारच्या व्हर्नचा गुडघा बदलला. त्याच्या कुत्र्याला आता मीच फिरवते."

"बरं. पुढे?"

"शून्य. चर्चचं बूयाचं गावजेवण दोन आठवड्यांवर आलंय. यंदा शंभर कोंबड्यांचा रस्सा. तुझ्या डॅडचं वल्हं तू धरणार, असं मी फादरना सांगून बसलेय."

त्या लाकडी वल्ह्याने तिच्या नवऱ्याने, लिरॉयने, तीस वर्षं चर्चच्या अंगणातली कढई ढवळली होती. तो जाऊन तीन वर्षं झाली. कर्टिस अंत्यविधीला आला होता, त्यानंतर घरी फिरकला नव्हता.

पलीकडे कीबोर्ड वाजला. तो तिकीट बघत होता. डोरीनचा सगळा जीव कानात गोळा झाला.

"दोनशे चाळीस डॉलर," कर्टिस म्हणाला. "नाहीतर क्रेडिट कार्डाच्या खरेदीवर साठवलेले विमानाचे बावीस हजार मैल. छे! मैल असे उधळतात का? तेवढ्यात मी टोकियोच्या अर्ध्या वाटेवर पोचेन."

"मग रोख भर. माझ्या नावावर सहा बँकांचे अठराशे मिळवलेस ना?"

"ते टोकियोच्या हॉटेलला गेले. मॉम, तुला यातलं कळत नाही. मैल कुठे वापरायचे? जिथे तिकीट महाग असेल तिथे. डॅडच्या वेळी आठव. आयत्या वेळचं तिकीट, नऊशे डॉलर! तेव्हा कसं मैलांचं चीज झालं!"

त्या दिवशी तो दारातच डोरीनच्या गळ्यात पडून रडला होता. बापासाठी लेकरू धावत आलं, असं ती तीन वर्षं गावभर सांगत होती. तिला संताप आला. त्याहून जास्त लाज वाटली, चष्म्याच्या खोट्या सबबीची आणि जपून ठेवलेल्या पाच बातम्यांची.

"मॉम? दोनच आकडे झाले. पुढे?"

तिने चष्मा काढून बटाट्याशेजारी ठेवला. "राहू दे."

"राहू दे काय? अगं, दहा मिनिटांत बाद होतो तो कोड!"

"होऊ दे," डोरीन म्हणाली. "मीही होईन एक दिवस. तेव्हा ये. तिकीट महाग असेल, तुझ्या मैलांचं चीज होईल."