मानाची वाटी

गुणवंतरावांनी वरण-भाताचा पहिला घास तोंडात घातला आणि त्यांचा हात पत्रावळीवरच थांबला. वरणात मीठ नव्हतं. कमी होतं असंही नाही. मिठाचा कणसुद्धा नव्हता.

अन्नपूर्णाबाई भाताचं भांडं घेऊन समोरच उभ्या होत्या. "काऊन भाऊ, थांबले? काही पाह्यजे?"

"लिंबाचं लोणचं असंल तर वाढा, बाई. बाकी झकास."

लोणचं आलं. गुणवंतरावांनी त्याचा खार वरणात कालवला आणि मान खाली घालून जेवू लागले. उभं आयुष्य त्यांनी कीर्तनं ऐकली होती. गावात बुवा आले की पहिली सतरंजी हे अंथरणार, आणि आरती झाल्यावर सर्वांत शेवटी उठणार. पानावर बसून अन्नाला बोल लावायचा नाही, हे तिथंच त्यांच्या अंगात मुरलं होतं. पण मनातल्या मनात त्यांनी आत चुलीशी असलेल्या बाईंच्या पोरीचा, चंदाचा, एक गुण कापला.

कारण ते नुसते जेवायला आले नव्हते. सून पाहायला आले होते.

त्यांचा मुलगा वारलू इथं चामोर्शीच्या शाळेत मास्तर. दोन वर्षं तो याच खाणावळीत जेवत होता, आणि आता 'लग्न करीन तर अन्नपूर्णाबाईंच्या चंदाशीच' म्हणून हटून बसला होता. चिमूरच्या घरी बायकोमाणूस नाही. गुणवंतरावांची कारभारीण जाऊन सहा वर्षं झालेली. येईल ती सून घर उजळणार नाहीतर विस्कटणार. रीतीनं मुलगी पाहायला जावं, तर ती नवं लुगडं नेसून, आईनं केलेले पोहे पुढे करून, खाली मान घालून बसते. त्यात काय कळतं? म्हणून वारलू परीक्षेच्या कामासाठी एटापल्लीला गेला, तो दिवस साधून त्यांनी मोटार धरली. उतारूंच्या वहीत नाव लिहिलं : रामाजी, धानाचे व्यापारी, वरोरा. आपली शक्कल ब्रह्मदेवालाही कळायची नाही, अशी त्यांची खात्री होती.

घर मात्र पाहण्यासारखं होतं. कोण्या गोऱ्या ठेकेदारानं बांधलेला बंगला, कवेत न मावणारे सागाचे खांब. साहेब विलायतेला गेला, आणि अन्नपूर्णाबाईंनी पुढच्या दालनात पंगत मांडली, मागच्या तीन खोल्या उतारूंना दिल्या. नव्या तांदळाचा भात, पाटोडीचा रस्सा, गरम सांबारवडी. पार सिरोंच्याचे लोक वाट वाकडी करून इथं जेवायला येत.

शेजारच्या पाटावर जंगलखात्याचे कारकून सोमाजी तिसऱ्यांदा वरण मागत होते. या माणसाला जीभ आहे की नाही, हेच गुणवंतरावांना कळेना.

"बाई, माही बदली झाली ना, तर या वरणापायी नोकरी सोडीन मी!"

"सोडा नं. भांडे घासाले माणूस पाह्यजेच आहे मले."

पंगत हसली. सोमाजी गुणवंतरावांकडे वळले. "भाऊ, तुम्हाले कुठीतरी पाह्यल्यासारखं वाटते. हे नाक वळखीचं आहे."

"धानाच्या बाजारात पाह्यलं असंल," गुणवंतराव घाईनं म्हणाले.

तेवढ्यात चंदा स्वतः बाहेर आली. सावळी, पदर खोचलेला, नजर सरळ. बाकीच्यांना मोठ्या भांड्यातून पळीनं वरण वाढलं जात होतं. यांच्यासाठी मात्र तिनं वेगळी वाटी भरून आणली होती, पहिल्यासारखीच. नव्या पाहुण्याचा मान! दुसरी वाटीही तितकीच अळणी निघाली. गुणवंतरावांनी ती लोणच्यासकट संपवली आणि मानाबद्दल अर्धा गुण परत दिला.

दुपारी ते खोलीत आडवे झाले. बाज एका पायानं लंगडी होती, कुशीवर वळलं की डुगडुगायची. त्यांनी कोणाला हाक मारली नाही. अंगणातून सागाची ढलपी आणली, पायाखाली सारली, आणि 'विठ्ठल' म्हणून डोळे मिटले.

दिवस कलल्यावर ओसरीत सुपारी कातरता कातरता त्यांनी सहज विचारल्यासारखं केलं, "बाई, पोरीचं लग्न?"

"तीन सोयरिकी आल्या होत्या, भाऊ. तिन्ही पोराचे बाप इथीच जेवले."

"मग?"

"जेवणावरूनच मोडल्या." अन्नपूर्णाबाईंनी लुगड्याच्या काठाकडे पाहिलं. "एकानं तर वाटीच फेकली. चंदीले वरण लागलं सारं."

गुणवंतरावांना पोरीची कणव आली. चिमूटभर मिठापायी पोर नाकारली! पोर विसराळू आहे. आपल्या घरी येईल, सासऱ्याला मामाजी म्हणून हाक मारील, चार दिवसांत शिकेल. त्या तिघांच्या कानांवर एकही चांगलं कीर्तन पडलं नसणार.

सकाळी आंघोळीचं पाणी गारढोण मिळालं. माघाचा गारठा, तरी त्यांनी 'हर गंगे' म्हणत तांब्या डोक्यावर ओतला आणि खणखणीत आवाजात अभंग धरला. अंगण झाडणारी चंदा केरसुणी थांबवून ऐकत उभी राहिली.

कपाळाला बुक्का लावून ते ओसरीत आले. सगळे गुण मोजून झाले होते; पोर पास होती. आता आपलं खरं नाव कळल्यावर बाईंचं तोंड कसं होईल, या विचारानं त्यांना हसू आवरेना.

"बाई, बसा जराशा. मले तुम्हाले एक गोष्ट सांगायची आहे."

अन्नपूर्णाबाई बसल्या. गुणवंतरावांनी घसा साफ केला.

आत चुलीशी फुंकणी थांबली, आणि चंदाचा आवाज आला, "आई, चिमूरच्या मामाजीले म्हणाव, मोटार दुपारची आहे, जेवूनच जा. आज त्यायच्या वाटीत मीठ टाकलं मी."