उलटा जोर

"लावा जोर, वस्ताद!" डॉक्टर शाहीन म्हणाली आणि कोल्हापूरच्या दवाखान्यात कुशीवर पडलेल्या दौलत वस्तादांनी दातओठ खाऊन जोर लावला. वीस वर्षं त्यांचं पोट साफ होत नव्हतं. आज गुदद्वारातून आत सरकवलेली बारीक नळी तिथला दाब पडद्यावर दाखवणार होती.

रेघ खाली यायला हवी होती, ती वर उसळली. शाहीनच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. "वस्ताद, तुम्ही ढकलताय आणि त्याच दमात दार आवळून धरताय!"

"मग? लंगोट कसल्याबिगर जोर लागतुया व्हय, पोरी? तालमीत समद्यास्नी हेच शिकवलं म्या."

"इथं लंगोट सैल सोडायचा. पोट फुगवा, खालचं ढिलं करा. आणि दुखलं तर पैलवानकी दाखवू नका, लगेच सांगा. मी तिथंच थांबवेन."

बराच वेळ जमेना. मग रेघ अलगद खाली आली आणि शाहीन खुर्चीतून उडालीच.

नळी काढून तिनं आत इवलासा फुगा ठेवला, त्यात पाणी भरलं. "आता हा बाहेर टाकायचा. कुंथू नका. नाही जमलं तर हाक मारा, मी काढून घेईन."

वस्ताद संडासात गेले. शाहीन बाहेर श्वास रोखून उभी राहिली.

आणि बंद दाराआडून असा दणदणीत शड्डू घुमला, की बाकावर बसलेली त्यांची बायको दचकून उठली.

"आगं बया! कुनाला पाडलं ह्यांनी?"