मंगळवारची सभा

सभागृहाचं दार अर्धवट उघडं होतं. आतून सुनेचा, कासुमीचा आवाज आला आणि तोमिको जिन्याच्या शेवटच्या पायरीवरच थांबली.

तो कागद तिला आठवड्यापूर्वी सापडला होता. धुवायला टाकलेल्या कासुमीच्या एप्रनच्या खिशात. 'दारू सोडणाऱ्या महिलांची सभा, दर मंगळवारी दुपारी दोन.' तोमिकोनं तो दोनदा वाचला, घडी करून होता तसा खिशात ठेवला, आणि पुढचे तीन दिवस कासुमीच्या नजरेला नजर दिली नाही.

मंगळवारी कासुमी फुलांच्या क्लासला जाते, असं घरी ठरलेलं होतं.

"वर्ष होत आलं शिकतेस, पण घरात एक फूल काही येत नाही," तोमिको एकदा म्हणाली होती.

"माझा हात अजून बसला नाही, आई," कासुमी मुळ्याच्या फोडी करता करता म्हणाली. लोणच्याच्या दुकानात दोघी दिवसभर शेजारी शेजारी उभ्या असत. बोलणं एवढंच.

तीन वर्षांपूर्वी तोमिकोचा नवरा गेला. त्याच्या फोटोपुढे रोज एक पेला साके, म्हणजे तांदळाची दारू, ठेवायची पद्धत तेव्हापासूनची. पण महिनाभर पुरायची ती बाटली आठवड्यात तळ गाठायला लागली. मुलगा तेत्सुरो मालाची गाडी घेऊन ओसाकाला जायचा, चार चार दिवस घरी नसायचा. तो आला की त्याच्या ध्यानात येऊ नये म्हणून तोमिको बाटलीत पाणी घालून ठेवायची. घरची गोष्ट घरात राहावी, एवढंच तिला कळत होतं.

मग गेल्या शरदात छोटी नात मिओ बालवाडीच्या फाटकाशी दोन तास उभी राहिली. तिला आणायला कुणी गेलंच नाही. तेत्सुरोनं विचारलं तेव्हा दोघी बायका मान खाली घालून बसल्या. पाळी कुणाची होती, हे दोघींपैकी एकीनंही सांगितलं नाही.

"माझ्याकडून घोळ झाला," शेवटी कासुमी म्हणाली होती.

आणि पुढच्याच मंगळवारपासून तिचा फुलांचा क्लास सुरू झाला होता.

दाराच्या फटीतून तोमिकोला नुसत्या पाठी दिसत होत्या. दहा-बारा बायका. कुणाच्या मांडीवर विणकाम, कुणाच्या हातात चहाचा कप.

"अकरा महिने झाले," कासुमी बोलत होती. "पूर्वी मी दिवसातून दहादा कपाट उघडायचे. बाटली किती उरली, डोक्यात दुसरं काही नसायचं. मला वाटायचं, मन घट्ट केलं की सुटेल. तसं सुटत नाही, हे मला इथं कळलं. आता मी कपाट उघडत नाही. रात्री झोप लागते. नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही. सासूबाईंशी तर बोलायचं धाडसच होत नाही. त्या वाईट नाहीत हो. तोंडानं फटकळ आहेत, पण मी नवी नवरी असताना पहिल्या हिवाळ्यात स्वतःचा कोट मला घालून त्या दुकानात कुडकुडत उभ्या राहिल्या होत्या."

कुणीतरी हलकंसं हसलं. तोमिकोनं कठडा घट्ट धरला. अकरा महिने या पोरीनं हे एकटीनं ओढलं, आणि आपण तिला फुलांवरून टोमणे मारत होतो.

परत फिरावं असं तिला वाटलं. पाय मात्र दाराकडे गेले.

दार करकरलं. सगळ्यांनी वळून पाहिलं. कासुमीचा चेहरा पांढरा पडला.

सभा चालवणाऱ्या इवासेबाई उठून आल्या. "या ना. पहिल्यांदाच येताय? कुणाबरोबर आलात?"

"ही माझी सून," तोमिको म्हणाली. आवाज तिला स्वतःलाच अनोळखी वाटला.

इवासेबाईंनी एकदा कासुमीकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. "बरं झालं आलात. आमच्याकडे पिणाऱ्या पुढे बसतात, घरची माणसं मागच्या रांगेत. तुम्हाला हवं तिथे बसा. इथं कुणी कुणाला काही विचारत नाही."

तोमिको जागची हलली नाही. मग कासुमीच आली. सासूचा थंडगार हात तिनं दोन्ही हातांत धरला आणि खुर्च्यांमधून वाट काढत तिला नेऊ लागली.

"मागे मी बसते, आई," ती हळूच म्हणाली. "पुढची ही खुर्ची तुमची. अकरा महिने मी ही धरून ठेवलीय."

तोमिको बसली. शेजारच्या बाईनं चहाचा कप तिच्यापुढे सरकवला. तीन वर्षांत पहिल्यांदा तिनं छाती भरून श्वास घेतला.

"मी तोमिको," ती म्हणाली. "मी पिते."